कंपनीच्या नावावर डिझेल हॅचबॅक: घ्यावी का, आणि घेतली तर काय सांभाळायचं?

चाकण_अ‍ॅडमिन

नमस्कार मंडळी. चाकणमधली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, सर्व्हिस इंजिनियरांसाठी तीन हॅचबॅक घ्यायच्या आहेत. रनिंग असं:

पहिली गाडी पुणे–सातारा–कोल्हापूर–सांगली, महिन्याला २,८०० किमीच्या आसपास. दुसरी नगर–छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर, साधारण २,५००. तिसरी इथल्या इथेच, चाकण–भोसरी–हिंजवडी, महिन्याला ९०० ते १,०००. ही तिसरी सर्व्हिस मॅनेजर घरीही नेणार. प्रत्येक गाडीत टूलबॉक्स आणि सुटे भाग मिळून ४०–४५ किलो कायम राहणार.

वरून निरोप आहे की तिन्ही डिझेल घ्या, एकच मॉडेल म्हणजे सर्व्हिसिंग सोपं. प्रश्न असे: नवी डिझेल हॅचबॅक आता मिळते कुठली? कंपनीच्या नावावर पासिंगला आरटीओ टॅक्स २० टक्के हे खरं का? मॅनेजरच्या पगारात गाडीपोटी किती रक्कम धरायची? आणि चार वर्षांनी गाड्या त्याच इंजिनियरांना विकायच्या असतील तर आत्ताच काय बघून ठेवावं?

घाटवळण

पहिल्याचं उत्तर लगेच. नवी डिझेल हॅचबॅक म्हणून टाटा अल्ट्रोझ, बाकी कोणी नाही. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (धूर-प्रदूषणाचे कडक नियम) लागू झालं तेव्हाच डिझेल सोडलं, फोक्सवॅगन पोलोचं डिझेलही तेव्हाच गेलं. ह्युंदाई आय-२० चं १.५ डिझेल त्यातल्या त्यात टिकलं होतं, ते २०२३ मध्ये बंद झालं. त्यामुळे ‘कोणती’ हा प्रश्न उरलेलाच नाही.

गाडी कशी आहे: १,४९७ सीसी, चार सिलिंडर, ९० पीएस, २०० न्यूटन-मीटर, पाच गिअरचं मॅन्युअल. डिझेलमध्ये ऑटोमॅटिक नाही, तेव्हा मॅनेजरसाहेबांना आधीच सांगून ठेवा. डिकी ३४५ लिटर, टाकी ३७ लिटरची. टाकी छोटी वाटते, पण हायवेला १८–१९ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर सहाशे किमी निवांत जाते. पुणे–कोल्हापूर जाऊन-येऊन एका टाकीत होतं.

आता गणित. दर वर-खाली होतील, पद्धत बघा. डिझेल ९१ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १८.५ धरलं तर किमीला ४.९२ रुपये. पेट्रोल १०४.५० आणि अ‍ॅव्हरेज १४.५ धरलं तर ७.२१. फरक २.२९. डिझेलच्या सर्व्हिसिंगला (फ्युएल फिल्टर, महागडं ऑइल) किमीमागे ३० पैसे जास्त सोडा, हातात राहतात दोन रुपये.

त्याच व्हेरियंटच्या पेट्रोल आणि डिझेलच्या एक्स-शोरूम किमतीत सव्वा लाखाचा फरक धरा. कंपनीच्या पासिंगमुळे त्यावर २० टक्के टॅक्स, म्हणजे दीड लाख. दीड लाख भागिले दोन रुपये, ७५,००० किमी. तुमची पहिली गाडी हे सव्वादोन वर्षांत काढेल, दुसरी अडीच वर्षांत. तिसरी? महिन्याला हजार किमीने सव्वासहा वर्षं. आणि तोवर ती नीट चालेल का, हा वेगळाच प्रश्न आहे, त्यावर बाकीचे लिहितीलच.

गाडी चालवायला कशी, तर १,५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली इंजिन झोपलेलं असतं. कात्रजच्या चढावर ट्रकमागे तिसऱ्या गिअरमध्ये रखडत राहिलं की चालक हाफ क्लचवर ओढतो आणि क्लचप्लेटचा वास येतो. दुसरा टाकायचा, सुई दोन हजारांवर ठेवायची, विषय संपला. उतारावरही गाडी खालच्या गिअरवरच ठेवायची, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. टूलबॉक्स डिकीच्या दाराशी ठेवू देऊ नका. मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून, खाली, पट्ट्याने बांधून. ४५ किलो सुटं वजन अचानक ब्रेक लागल्यावर कुठे जाईल, याचा विचार करा.

जमाखर्च

आरटीओचं खरं आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के, कंपनीच्या नावावर सरसकट २०. याचा एक उलटा अर्थ कोणी बघत नाही: वैयक्तिक खरेदीत डिझेलला जो दोन टक्क्यांचा दंड बसतो, तो कंपनीच्या पासिंगमध्ये नाहीसा होतो. पेट्रोल असो की डिझेल, २० म्हणजे २०. साडेआठ लाखांच्या गाडीवर १,७०,००० रुपये. तीच गाडी कुणाच्या स्वतःच्या नावावर १,१०,५००. फरक ५९,५०० रुपये.

म्हणून काही जण संचालकाच्या नावावर पासिंग करून पैसे कंपनीकडून भरतात. साठ हजार वाचतात, पण घसाऱ्याच्या (गाडीची दरवर्षी खर्चात धरायची किंमतघट) वेळी प्रश्न येतो, विम्याच्या दाव्याच्या वेळी मालक वेगळा आणि पैसे भरणारा वेगळा हा घोळ होतो. एकट्या मालकाचा धंदा (प्रोप्रायटरशिप) असेल तर प्रश्नच नाही, गाडी मालकाच्याच नावावर असते आणि तरी खर्चात धरता येते. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, २० टक्के भरा आणि शांत झोपा.

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल कारला १८ टक्के. त्याआधी २८ अधिक ३ टक्के सेस, एकूण ३१ होते. १,४९७ सीसी म्हणजे उंबरठ्याच्या आत तीन सीसीने. लांबीही ३,९९० मिमी, तिथेही दहा मिमीनेच आत. पण या १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा करणं) तुम्हाला मिळणार नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे १३ पर्यंत आसनक्षमतेच्या प्रवासी गाड्यांचं क्रेडिट अडवलेलं आहे. अपवाद म्हणजे गाड्या विकण्याचा, प्रवासी वाहतुकीचा किंवा ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा. विमा आणि दुरुस्तीच्या बिलांनाही हेच लागू. डीलरचा सेल्समन ‘जीएसटी नंबर द्या, क्रेडिट मिळेल’ म्हणतो. नंबर जरूर द्या, क्रेडिट घेऊ नका. घेतलं तर व्याजासकट परत करावं लागेल.

घसारा १५ टक्के, घटत्या शिलकीवर. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर अर्धाच, साडेसात. म्हणजे पूर्ण घसारा हवा तर गाडी ३ ऑक्टोबरपर्यंत ताब्यात येऊन चालू झालेली हवी. दसरा-दिवाळीचा मुहूर्त बघणाऱ्यांचा हाच घोटाळा होतो.

आता मॅनेजर. २०२५-२६ च्या आयकर नियमांप्रमाणे (नियम ३) गाडी कंपनीची, खर्च कंपनीचा, वापर थोडा कामाचा आणि थोडा घरचा, इंजिन १.६ लिटरपर्यंत: महिन्याला १,८०० रुपये पर्क (पगाराशिवाय मिळणारी करपात्र सुविधा) म्हणून पगारात धरायचे होते. १.६ च्या वर २,४००. ड्रायव्हर दिला तर आणखी ९००. अल्ट्रोझ १.५ ची, म्हणून १,८००. वर्षाचे २१,६००, मॅनेजर ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर सेससह ६,७३९ रुपये कर. वर्षभर गाडी, डिझेल, विमा, टायर याबदल्यात ही रक्कम किरकोळ होती. नव्या करप्रणालीतही हे चालतं, त्यामुळे बाकीचे भत्ते गेले तरी कंपनीची गाडी अजून परवडते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यापुढच्या महिन्यांना त्याखालच्या नियमातला आकडा लावायचा.

पहिल्या दोन गाड्या निव्वळ कामासाठी असतील तर इंजिनियरांच्या पगारात शून्य. पण शून्य दाखवायला लॉगबुक लागतं: तारीख, कुठे गेली, किती किमी, खर्च किती, आणि गाडी पूर्णपणे कार्यालयीन कामासाठीच वापरली असं कंपनीचं प्रमाणपत्र. मार्चअखेर बसून वर्षभराचं लॉगबुक एकाच पेनाने लिहिलेलं असलं की लगेच ओळखू येतं.

चार वर्षांनी विक्री: इथे दोन वेगळे हिशेब आहेत, लोक एकात गल्लत करतात. तुमच्या गाडीची किंमत टॅक्स धरून १०,२०,००० धरू.

आयकराच्या दृष्टीने कर्मचाऱ्याला गाडी विकताना तिची किंमत दरवर्षी २० टक्क्यांनी घटत्या पद्धतीने कमी करतात. पहिल्या वर्षानंतर ८,१६,०००, दुसऱ्यानंतर ६,५२,८००, तिसऱ्यानंतर ५,२२,२४०, चौथ्यानंतर ४,१७,७९२. याहून कमी पैशात दिली तर जेवढी कमी, तेवढा पर्क. आणि ‘पूर्ण झालेली वर्षं’ मोजायची. तीन वर्षं अकरा महिन्यांनी विकली तर तीनच वर्षं धरून ५,२२,२४०. एका महिन्याच्या घाईने इंजिनियरच्या पगारात लाखभर रुपयांचा पर्क चढतो.

जीएसटीच्या दृष्टीने वापरलेली गाडी विकताना १८ टक्के, पण फक्त नफ्याच्या रकमेवर: विक्रीची किंमत वजा आयकराप्रमाणे घटलेली किंमत. १५ टक्क्यांनी चार वर्षांनी ती ५,३२,४४६ होते. म्हणजे ४,२०,००० ला विकलीत तर आयकरात पर्क नाही आणि फरक उणे असल्याने जीएसटीही नाही. दोन्हीकडून मोकळे. पहिल्या वर्षी अर्धा घसारा मिळाला असेल तर घटलेली किंमत आणखी वरच राहते, बिघडत काही नाही.

विम्याचं एक. कंपनीच्या नावावरच्या गाडीला मालक-चालकाचा सक्तीचा अपघात विमा नसतो, कारण कंपनी काही गाडी चालवत नाही. डीलरच्या छापील कोटेशनमध्ये तो कधी चुकून घुसतो, काढायला लावा. त्याऐवजी आत बसणाऱ्यांचा अपघात विमा आणि पगारी चालक असेल तर त्याचं दायित्व, हे दोन घ्या. नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) कंपनीचा असतो, गाडी इंजिनियरला गेली की त्याच्यासोबत जात नाही. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी भांडण.

नोझल_क्लीनर

तिसरी गाडी डिझेल घेऊ नका. वरच्या गणितापेक्षा मोठं कारण सायलेन्सरमध्ये आहे.

बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, एक आड एक भोक बंद केलेलं. धूर भिंतीतून गाळून जावा लागतो आणि काजळी आत अडकते. ही काजळी जाळावी लागते. सलग हायवेला सायलेन्सर गरम राहतो, बरीचशी आपोआप जळते. उरलेली जाळायला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःहून जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो आणि तापमान सहाशे अंशांजवळ नेतो. याला री-जनरेशन म्हणतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालत राहावी लागते.

चाकण ते भोसरी सकाळी साडेनऊला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकांच्या मागे सरकत राहायचं. री-जनरेशन सुरू होतं, पाच मिनिटांत गाडी गेटवर पोचते, किल्ली बंद. अर्धवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. प्रत्येक वेळी उशिरा फवारलेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. परिणाम डिपस्टिकवर दिसतो: ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. चालक खूश होतो की गाडी ऑइल खात नाही. प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेलं असतं आणि टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) बेअरिंगला ते पुरत नाही. पातळी कमालच्या खुणेवर गेली की किमी बघत बसू नका, ऑइल बदला.

री-जनरेशन चालू आहे हे ओळखायचं कसं? उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा थोडं वर, गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो, खालून तापलेल्या लोखंडाचा वास, आणि त्या फेरीचं अ‍ॅव्हरेज अचानक पडतं. असं असताना गाडी बंद करायची नाही, आणखी दहा मिनिटं फिरवून आणायची. वाळलेल्या गवतावर तर मुळीच उभी करायची नाही.

डीपीएफचा दिवा लागला तर: टाकीत चतुर्थांशापेक्षा जास्त डिझेल आहे ना बघा, हायवेला या, साठच्या वर ठेवा, एक गिअर खालचा टाकून आरपीएम दोन हजार ते अडीच हजार, पंधरा-वीस मिनिटं सलग. बहुतेक वेळा दिवा जातो. गेला नाही आणि इंजिनाचा दिवाही लागला, ओढ कमी झाली, तर थांबा. आता स्कॅनर लावून सर्व्हिस सेंटरलाच जबरदस्तीचं री-जनरेशन करावं लागतं. तेही दोन-तीनदा करून झालं की पुढची पायरी डीपीएफ उतरवणे, आणि ते बिल गाडीच्या हप्त्यांपेक्षा जास्त दुखतं.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी-राखेचंच ऑइल वापरा (डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं काहीतरी असतं, आपल्या मॅन्युअलशी ताडून बघा). बाहेरच्या गॅरेजवाल्याने ट्रकचं ‘चांगलं घट्ट’ १५डब्ल्यू४० ओतलं की डीपीएफचं आयुष्य तिथेच घटलं.

दिवा वारंवार येतोय पण गाडी हायवेचीच आहे, असं असेल तर डीपीएफला दोष देण्याआधी दाबाच्या फरकाचा सेन्सर आणि त्याच्या दोन बारीक रबरी नळ्या बघा. नळीला चीर गेली किंवा ती निसटली की सेन्सर खोटं सांगतो. शंभर-दोनशे रुपयांच्या नळीपायी डीपीएफ बदलायला सांगितलेला असतो.

आणि कोणी ‘डीपीएफ काढून पाइप टाकून देतो, अ‍ॅव्हरेज वाढेल’ म्हणालं तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि कंपनीच्या नावावरची गाडी म्हणजे जबाबदारी कंपनीवर.

पाटा_स्प्रिंग

सगळे डिझेलच्या मागे. तिसरीला सीएनजी का नको? किलोला २२ किमीचं अ‍ॅव्हरेज आणि ९२ रुपये किलो धरलं तरी ४.१८, डिझेलपेक्षाही ७४ पैशांनी स्वस्त. टाटाच्या सीएनजीत दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी असतात, २१० लिटर जागा उरते, टूलबॉक्स बसतो. सर्व्हिसिंग डिझेलहून सोपं. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करायची, एवढं लक्षात ठेवा. मुदत संपलेली असेल तर पंपावर भरून देत नाहीत.

खरं तर पहिल्या दोघींनाही चालेल.

घाटवळण

पहिल्या दोघींना चालेल, पण कशी ते बघा. दोन सिलिंडर मिळून पाण्याच्या मापाने ६० लिटर, गॅस आठ-नऊ किलो भरतो, म्हणजे १८०–२०० किमी. पुण्याहून कोल्हापूर २३० किमी. जाता-येता किमान दोनदा रांग. सर्व्हिस इंजिनियरचा अर्धा-पाऊण तास रांगेत गेला आणि तिकडे ग्राहकाची लाइन बंद पडलेली असली, तर ७४ पैसे वाचवून काय मिळवलं? शिवाय सीएनजीवर ७३.५ पीएसच. दोन माणसं, ४५ किलो सामान, एसी आणि खंबाटकीचा चढ, असं एकत्र आलं की चालक पेट्रोलवर टाकतोच, आणि मग हिशेब साडेसात रुपयांना जातो.

तिसरीला मात्र सीएनजी, यावर दुमत नाही. वरच्यांना ‘एकच मॉडेल’ हवं असेल तर तीही अल्ट्रोझच घ्या. डॅशबोर्ड तोच, सर्व्हिस सेंटर तेच, फक्त इंजिन वेगळं.

चाकण_अ‍ॅडमिन

सगळ्यांचे आभार. तिसरी सीएनजी हे पटलं. दोन शंका राहिल्या. लीजवाल्याचं (गाडी दीर्घ मुदतीने भाड्याने देणारा) कोटेशन आलंय, ‘आरटीओ, विमा, सर्व्हिसिंग सगळं हप्त्यात’ असं म्हणतो. आणि आमच्या एका वेंडरकडे २०२२ ची आय-२० डिझेल आहे, ७२,००० किमी झालेली, ती दुसऱ्या रूटला घेऊ का?

जमाखर्च

लीजमध्ये जादू नाही. गाडी लीज कंपनीच्या नावावर असते, त्यामुळे २० टक्के तिथेही लागलेलेच असतात, फक्त तुमच्या हप्त्यात विरघळलेले. हप्त्यावरचा जीएसटी गाडीच्याच दराने, १८ टक्के, आणि तोही क्रेडिटला बाद. फायदा एवढाच की अख्खा हप्ता खर्चात जातो, घसाऱ्याची वाट बघावी लागत नाही, आणि भांडवल अडकत नाही.

करारात तीन ठिकाणी बोट ठेवा. एक, वर्षाला किती किमीची मर्यादा? सर्रास कोटेशनं १५,००० किंवा २०,००० वर काढलेली असतात. तुमची पहिली गाडी ३३,६०० चालणार. जादा किमीचा दर विचारा आणि तो लेखी घ्या. दोन, मुदतीआधी गाडी परत केली तर किती? इंजिनियर नोकरी सोडतो, गाडी राहते. तीन, टायर आणि क्लच ‘सर्व्हिसिंग’मध्ये येतात का? बहुधा येत नाहीत, आणि तुमच्या रनिंगला चार वर्षांत टायरचे दोन सेट तरी जाणार.

नोझल_क्लीनर

आय-२० चं ते इंजिन चांगलं, १,४९३ सीसी, १०० पीएस, २४० न्यूटन-मीटर, सहा गिअर. हायवेला अल्ट्रोझपेक्षा निवांत. पण ७२,००० चे कसले, ते महत्त्वाचं. हायवेचे असतील तर घ्या, पुणे शहरातले असतील तर सोडा. ओळखायचं असं: चालकाच्या बाजूचं सीट, क्लच पेडलचं रबर आणि गिअर नॉब झिजलेले, पण किमी कमी, म्हणजे शहर. पुढच्या बंपरवर बारीक दगडांचे टिपके आणि काचेवर ओरखडे, म्हणजे हायवे.

मग थंड इंजिनावर डिपस्टिक काढा. पातळी खुणेच्या वर आणि डिझेलचा वास, तर तिथूनच परत. स्कॅनरवर डीपीएफमधल्या काजळीचं प्रमाण आणि शेवटचं पूर्ण री-जनरेशन किती किमीपूर्वी झालं ते बघा. ते दर शंभर-दीडशे किमीला होत असेल तर जाळी भरत आलीय. इंजेक्टरची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) परतीच्या डिझेलची चाचणी करा: चार नळ्या, चार बाटल्या, दोन-तीन मिनिटं इंजिन चालू. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेलाय, आणि एकेका इंजेक्टरची किंमत हजारांत असते. टर्बोच्या पाइपमध्ये बोट फिरवा. ऑइलचा ओलसर हात चालतो, साचलेलं ऑइल नाही.

आणि सर्व्हिस रेकॉर्ड वेंडरच्या फाइलमधून नाही, अधिकृत सेंटरच्या कॉम्प्युटरवरून गाडीच्या नंबराने काढा.

घाटवळण

नव्या गाड्या ताब्यात घेताना, कंपनीच्या गाड्यांना खास लागू अशा तीन-चार गोष्टी. एक, चॅसिसच्या पाटीवरून बनवलेला महिना बघा, सहा महिन्यांहून जुनी असेल तर किंमत पाडा. दोन, डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे का बघा. असेल तर त्या टाकीत डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारा युरियाचा द्राव) लागतं. ते संपलं की एकदा बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही, म्हणून डिकीत एक डबा ठेवा. चालकाने चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं तर किल्लीही फिरवायची नाही, गाडी टो करून न्यायची.

तीन, झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात ‘फक्त डिझेल’ चिकटवा. कंपनीच्या गाडीचे चालक बदलत राहतात, आणि एकाच मॉडेलच्या तीन गाड्यांत एक सीएनजी-पेट्रोल असणार आहे, त्यामुळे तुमच्याकडे ही चूक होण्याची शक्यता जास्त. पेट्रोलची नोझल बारीक असते, डिझेलच्या टाकीत सहज जाते. पेट्रोल गेलं आणि गाडी चालू केली नाही, तर टाकी रिकामी करून फिल्टर बदलून भागतं. चालू केली तर उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळत नाही, तो घासतो आणि लोखंडाचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. गाडी ढकलून बाजूला घ्यायची, स्टार्टर मारायचा नाही, हे प्रत्येक चालकाला तोंडी आणि लेखी.

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीच्या रूटला विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या. पाण्यात बंद पडलेली डिझेल गाडी परत चालू करायला गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही.

आणि फास्टॅग. टोलचा वार्षिक पास घ्या (२०२५-२६ मध्ये ३,००० रुपयांना होता), वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी होईल ते. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी मिळून कोल्हापूरच्या एका दौऱ्यात आठ फेऱ्या जातात, म्हणजे पंचवीस दौरे. फेरी साधारण पंधरा रुपयांना पडते. पास मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर चालत नाही, त्यामुळे संभाजीनगरची गाडी परतीला समृद्धीने आली तर टोल वेगळा कटेल. पास गाडीच्या नंबराला जोडलेला असतो, म्हणून फास्टॅगवर चॅसिस नंबर असेल तर आधी तो बदलून गाडीचा पक्का नंबर चढवून घ्या.

चाकण_अ‍ॅडमिन

आय-२० ची डिपस्टिक उद्या सकाळी थंड इंजिनावर बघतो. बाटल्यांच्या चाचणीला बाटल्या आम्ही न्यायच्या की गॅरेजवाल्याकडे असतात?

नोझल_क्लीनर

डिझेलचं काम करणाऱ्याकडे मापाच्या खुणा असलेल्या असतात. नसतील तर तो डिझेलचं काम करत नाही, दुसरा बघा.